झेंड्याच्या पुढे

सात नंबरची बस चालवणाऱ्या बाईला सगळा रस्ता घड्याळबाई म्हणतो. खरं नाव आहे, नाही असं नाही, पण ते आता तिच्या आईखेरीज कुणी वापरत नाही. पाण्याच्या टाकीपासून कोर्टापर्यंत तिची बस ज्या वेळेला जिथे असायची, त्या वेळेला तिथेच असते. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तिची बस दिसली की भट्टीतले पाव बाहेर काढतो. एकदा ती तापाने घरी पडली, तर त्याचे पाव करपले, आणि बरी होऊन आल्यावर या गृहस्थाने तिलाच ऐकवलं, "काय बाई, कळवायचं तरी!" आता बोला!

तर अशा या बाईला चाळिशी उलटल्यावर पळायचं वेड लागलं. निमित्त पाठीचं. वर्षानुवर्षं स्टिअरिंगमागे बसून पाठीचं लाकूड झालं होतं. रोज सकाळी तिच्या बसने दवाखान्यात जाणारी दातांची एक डॉक्टर होती. दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरच्याच्या उत्तराची वाट बघणं या बाईला ठाऊकच नव्हतं. तिने एक दिवस उतरता उतरता फर्मान सोडलं, "उद्या सुट्टी आहे ना तुझी? सहा वाजता बागेच्या फाटकापाशी ये. बूट घालून."

"कशाला?"

"पळायला."

"कोण, मी?"

"नाही, तुझी बस! ये गुपचूप."

पहिल्या दिवशी घड्याळबाई बागेला एक फेरी मारून बाकावर अशी बसली, की आता हिला उचलूनच न्यावं लागणार असं वाटावं. पण दुसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या, मग चार. पुढे बाग अपुरी पडायला लागली. सहा महिन्यांत पाठ सरळ झाली आणि डोकं वाकडं झालं, असं तिचा नवरा म्हणतो. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. थंड डोक्याचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही, पण जे बोलेल ते तिरकं. बायकोने जेवताना जाहीर केलं, "मी मॅरेथॉन पळणार आहे," तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "किती लांब असते?"

"बेचाळीस किलोमीटर."

"मग बसने का जात नाहीस? तुला तर सीटही राखीव आहे."

पण बाई पळाली. पहिल्या वर्षी लंगडत लंगडत पोचली आणि पोचल्यावर लहान मुलासारखी भोकाड पसरून रडली. दुसऱ्या वर्षी रडली नाही. तिसऱ्या वर्षी चार तास दोन मिनिटांत आली, आणि इथेच सगळं घोडं अडलं.

कारण चार तास दोन मिनिटं म्हणजे चार तास नव्हेत. चार तासांच्या आत यायचं, हे आता तिच्या डोक्यात जाऊन बसलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बक्षीस होतं? छे, तिच्या पुढे हजार माणसं पोचून आंघोळ करून घरी गेलेली असतात. पण माणसाचं मन हे असं असतं, त्याला काय करणार! बाईने आजवर घरासाठी मागितलं, नवऱ्यासाठी मागितलं, डेपोत पोरींसाठी वेगळी विश्रांतीची खोली मागून मिळवली. स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती दोन मिनिटांनी हातातून निसटली. तिला ते फार लागलं.

"दोन मिनिटांनी असं काय होतं गं?" नवऱ्याने समजुतीने विचारलं.

"अहो, दोन मिनिटांनी माणसाची गाडी चुकते!" ती कडाडली. नवऱ्याने चहा ओतला.

त्यात नवीन अडचण आली. डेपोने तिला बढती दिली. शर्यतींचा मोसम संपला की नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं, आणि ती शिकवणी भल्या पहाटे, रस्ते मोकळे असतात तेव्हा. म्हणजे पळायची जी वेळ होती तीच गेली. चार तासांच्या आत यायचं तर या वर्षीच, नाहीतर मग कधी, कोण जाणे. बाईने कंबर कसली.

आता यात एक गंमत झाली ती आधी सांगतो. तोवर दोघी बागेत नाहीतर नदीकाठच्या पायवाटेवर पळायच्या. या वर्षी डॉक्टर म्हणाली, शर्यत तुझ्याच बसच्या रस्त्याने जाते, तर सराव तिथेच करू. पहाटे दोघी टाकीपासून निघाल्या. डॉक्टर मागे, ही पुढे. बेकरीपाशी आल्यावर घड्याळबाई एकदम हळू झाली, डावीकडे सरकली, आणि डॉक्टर धाडकन तिच्या पाठीवर आदळली.

"अगं, काय झालं?"

"कुठे काय?"

पुढे नर्सरीपाशी पुन्हा तेच. ग्रंथालयापाशी पुन्हा. चौथ्या वेळी डॉक्टरच्या लक्षात आलं. जिथे जिथे सात नंबरचा स्टॉप, तिथे तिथे ही बाई ब्रेक लावत होती! डावीकडे जायचं, पाय मंदावायचे, मान वळवून मागे बघायचं, आणि मग वेग घ्यायचा. डॉक्टर फुटपाथच्या कडेला बसून पोट धरून हसायला लागली. "दार पण उघड ना बाई! म्हाताऱ्यांना चढू दे!"

जित्याची खोड, दुसरं काय. घड्याळबाईला आधी राग आला आणि मग ती स्वतःच इतकी हसली की त्या दिवशी पळणं तसंच राहिलं. ती खोड महिन्याभरात मोडली. डॉक्टर मागून "नॉन-स्टॉप! नॉन-स्टॉप!" असं ओरडत पळायची, झोपमोड झालेली माणसं खिडक्या उघडून बघायची. पण स्टॉपवर न थांबूनही तिची वेळ काही फारशी सुधारेना. काहीतरी दुसरंच तिला मागे ओढत होतं, आणि ते काय ते दोघींपैकी कुणालाच कळेना.

ते ज्याला कळलं तो माणूस घरातच होता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

घड्याळबाईचे सासरे म्हणजे त्याच डेपोचे जुने कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटली, कुठे रखडली, कोण कुठे रेंगाळलं, सगळी खबर त्यांच्याकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसतात आणि खालून जाणाऱ्या गाड्यांची हजेरी घेतात. "पाच नंबर आज लवकर! कोण आहे रे हा दिवटा?" असं मोठ्याने म्हणतात, आणि नवरा स्वयंपाकघरातून उत्तर देतो, "बाबा, तो आता तुम्हाला घाबरत नाही." "घाबरायला पाहिजे!" बाबा गरजतात.

उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरला बाबा कधी फार बोलले नाहीत. त्यांचा सगळा राग लवकर येणाऱ्यांवर. उशिराला कारण असतं, लवकर येण्याला कारण नसतं, असं त्यांचं म्हणणं. "गाडी उशिरा आली तर प्रवासी स्टॉपवर उभा राहून शिव्या देतो. लवकर आली तर शिव्या द्यायलाही तो तिथे नसतो! तो बिचारा अजून घरी बुटाची नाडी बांधत असतो. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असे ड्रायव्हर मला नकोत." म्हणून गाडी वेळेआधी स्टॉपवर आली, की तिथे थांबून वेळ काढायची. डेपोतला प्रत्येक जण हे आईच्या दुधाबरोबर प्यायल्यासारखा शिकला.

घड्याळबाईही शिकली, आणि तिला तर ते चटका बसून शिकावं लागलं. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. रस्ता मोकळा होता, अंगात उत्साह होता, ती एका स्टॉपवर दोन मिनिटं आधी पोचली. कुणी नाही असं बघून दार लावून निघाली. आणि मग आरशात दिसलं, एक गृहस्थ हात हलवत धावत येतोय. तोवर गाडी चौकात शिरली होती, थांबणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंट्रोलरसाहेबांनी बोलावलं. ती शिव्या खायच्या तयारीने गेली. पण साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या माणसाची मुलगी काल परदेशी गेली. तो तिला निरोप द्यायला निघाला होता. पोचेपर्यंत ती गेली होती." बस्स. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटतं. त्या दिवसापासून आजपर्यंत ती कुठल्याही स्टॉपवरून वेळेआधी निघालेली नाही.

पुढे याच साहेबांच्या मुलाशी तिचं लग्न झालं. मुलगा वडिलांचा डबा घेऊन डेपोत यायचा, तेव्हाच जमलं. सगळ्या डेपोला ठाऊक होतं. सगळ्या गाड्यांची खबर ठेवणाऱ्या या माणसालाच सगळ्यात शेवटी कळलं!

तर झालं असं, की एका संध्याकाळी घड्याळबाई ओट्यापाशी उभी राहून अंडी सोलत होती, चेहरा पडलेला होता, आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

"मला एक सांग, सूनबाई. गेल्या वर्षी मी टाकीपाशी उभा होतो, आठवतं?"

"हो बाबा."

"तू त्या झेंडेवाल्याच्या पुढे होतीस."

झेंडेवाला म्हणजे एक उंच ड्रॉइंग मास्तर. शर्यतीत पाठीला झेंडा बांधून तो बरोब्बर चार तासांच्या चालीने पळतो. त्याच्या मागे राहिलात तर चार तास हुकले, पुढे राहिलात तर साधले, इतकं सोपं.

"पुढे होतीस, आणि सारखी वळून मागे बघत होतीस," बाबा म्हणाले. "नंतर मी ग्रंथालयापाशी गेलो. तिथे तू त्याच्या शेजारी पळत होतीस, गप्पा मारत. आणि शेवटी तो पुढे गेला."

"दमले होते मी."

"दमली नव्हतीस! दमलेलं माणूस मी ओळखत नाही का? पोरी, तू वेळ काढत होतीस!"

घड्याळबाईने अंडं खाली ठेवलं. आणि ती एकदम स्टुलावर बसली. खरं होतं ते. झेंडा मागे पडला की तिला चैन पडायची नाही. आपण काहीतरी चुकीचं करतोय, कुणाला तरी टाकून चाललोय असं वाटायचं, आणि पाय आपोआप मंद व्हायचे. झेंडा शेजारी आला की बरं वाटायचं. मग शेवटच्या चढावर तो मास्तर ताजातवाना निघून जायचा, आणि ही वाया घालवलेली मिनिटं शोधत बसायची.

"म्हणजे हे माझंच पाप म्हणायचं," बाबा पुटपुटले. मग खुर्ची ओढून बसले, आणि गालात हसायला लागले. "वा! म्हणजे शिकवलं ते काय पक्कं शिकवलं!"

"बाबा, हसताय काय! आता मी काय करू?"

"काय करू म्हणजे? मीच बिघडवलं, मीच दुरुस्त करतो."

दुसऱ्या दिवसापासून बाबांची शिकवणी सुरू झाली. पहाटे बागेच्या फाटकापाशी बाकावर मफलर गुंडाळून बसायचं, सुनेने फेरी किती वेळात मारायची ते ठरवून द्यायचं, आणि ती त्याआधी आली तर शाबासकी द्यायची. साधं काम. पण काय सांगू, म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले! सून वेळेआधी वळणावर दिसली की जन्माच्या सवयीने कपाळावर आठी पडायची, तोंड उघडायचं, आणि आता खणखणीत काहीतरी बाहेर पडणार एवढ्यात आठवायचं. मग दात आवळून "शाब्बास" म्हणायचे. ती 'शाब्बास' ऐकून डॉक्टरला वाटायचं, यांची दाढ दुखतेय.

"बाबा, मनापासून म्हणा ना," सून म्हणायची.

"मनापासूनच म्हणतोय! तू पळ!"

हळूहळू आठी गेली. मग एक दिवस सून ठरल्या वेळेला, अगदी बरोबर, फाटकापाशी आली, तर बाबा चक्क रुसले. "वेळेवर यायला इथे काय बस आहे?" म्हणाले आणि घरी जाईपर्यंत बोलले नाहीत. नवऱ्याला हे कळल्यावर त्याने दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. सुंभ जळला आणि पीळही जळला म्हणाला, हे मी पहिल्यांदाच बघतोय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बाबांनी बेत आखला. नवरा आणि बाबा आधी टाकीपाशी उभे राहणार. शर्यत तिथून जाते तेव्हा सात किलोमीटर उरलेले असतात, आणि सगळ्यात जास्त पाय तिथेच जड होतात. ती पुढे गेली की दोघांनी मागच्या रस्त्याने बस पकडून शेवटच्या रेषेपाशी पोचायचं. बाबांनी गाडीची वेळ काढली, सुनेची वेळ काढली, दोन्ही जुळवलं. चार तासांना दोन मिनिटं कमी असताना आम्ही रेषेपाशी हजर, म्हणाले. हिशेबात बाबांचा हात कोण धरणार!

रविवारी उजाडता उजाडता शर्यत सुटली. झेंडेवाल्या मास्तरने ओळखून हात केला, तिने हसून केला, आणि पहिल्या दोन चौकांतच ती त्याच्या पुढे निघून गेली. डॉक्टर बरीच मागे होती, पण निघण्याआधी तिने सज्जड दम भरला होता, "वळून पाहिलंस तर तुझी एकही दाढ शिल्लक ठेवणार नाही."

अर्धी शर्यत छान गेली. हवा थंड, रस्ता मोकळा, ती रस्त्याच्या मधोमध पळत होती, आणि सिग्नल लाल असो की हिरवा, तिला काही घेणं नव्हतं. नुसती मजा! एका हवालदाराने ओळखून सलाम ठोकला. पण मग ऊन चढलं. पोटऱ्या बोलायला लागल्या. आणि मानेला खाज सुटल्यासारखं व्हायला लागलं, एकदाच बघावं, झेंडा किती मागे आहे ते. तिने पाहिलं नाही. नाही पाहिलं, पण पाय मात्र हळूहळू मंदावायला लागले. दमल्यामुळे मंदावतायत की सवयीने, तेच आता तिला समजेना. जरा हळू गेलं तर काय बिघडतं, आपण पुढेच आहोत ना, असं आतून कुणीतरी गोड आवाजात सांगत होतं. गेल्या वर्षीही हाच आवाज होता. तिला भीती वाटली. या वर्षीही हातचं जाणार, आणि आपल्याच पायांनी जाणार, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

टाकीचं वळण आलं. आणि बघते तो काय! स्टॉपवर ही गर्दी. बेकरीवाला पिठाच्या एप्रनसकट. हॉस्पिटलातल्या दोन नर्सा. ग्रंथालयाचा शिपाई. शाळेतल्या बाई. काठी घेतलेल्या आजी, ज्यांना ती रोज हाताला धरून चढवते. रस्ता बंद, बस नाही, तरी तिचे रोजचे सगळे प्रवासी रविवारी सकाळी स्टॉपवर हजर. आणि मधोमध बाकावर, नवऱ्याने मागून कमरेला धरून ठेवलेले, मफलर सुटलेले बाबा उभे.

बाबांनी तिला पाहिलं, तिचे मंदावलेले पाय पाहिले, आणि भरल्या डेपोत इंजिनांच्या वर चढणारा तो जुना आवाज काढला.

"सात नंबर! मागे कुणी नाही! ऐकतेस ना? एक माणूस राहिलेला नाही मागे! सगळे इथे उभे आहेत, बघ! काढ गाडी!"

तिने बघितलं. एकेक तोंड बघितलं. सगळे खरोखरच तिथे होते, ओरडत होते, हात हलवत होते, आणि कुणालाही कुठे जायचं नव्हतं. टाकून जायला मागे कुणी उरलंच नव्हतं. ती हसली, नाक पुसलं, आणि अशी सुटली की बेकरीवाला म्हणाला, "अरे बापरे!"

ते शेवटचे सात किलोमीटर तिला नीट आठवत नाहीत. पुलाच्या चढावर मांडीत गोळा आला तेव्हा तिने मांडीला एक चापट मारली आणि चार शब्द सुनावले, इतकं आठवतं. ओळीने माणसं मागे पडत होती एवढंही आठवतं. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. शेवटचं वळण, समोर कमान, कमानीवर मोठं घड्याळ, आणि घड्याळात तीन तास छप्पन मिनिटं दिसत होती. सत्तावन्न व्हायच्या आत ती कमानीखालून गेली. मास्तरचा झेंडा मागे, दूर, कुठेतरी त्या वळणाच्याही पलीकडे होता.

कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी हातात केळं दिलं. ती दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून हसत होती आणि रडत होती, एकाच वेळी. मग मान वर करून तिने कठड्यापलीकडे बघितलं. बाबा कुठे आहेत? हे कुठे आहेत? इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती, आपापली माणसं शोधत होती. तिचं कुणी नव्हतं. हातातलं केळं तसंच राहिलं. मास्तर झेंड्यासकट आला, तिचं अभिनंदन करून गेला, तरी बाबांचा पत्ता नाही.

मग दुरून, कठड्याच्या कडेच्या फुटपाथवरून, एक म्हातारा धावत येताना दिसला. मफलर एका हातात, दुसऱ्या हाताने कोट धरलेला. तिने बाबांना जन्मात कधी धावताना पाहिलं नव्हतं. मागून नवरा "बाबा, हळू! बाबा!" करत येत होता, आणि हसू आवरत नसल्यामुळे त्यालाच पळता येत नव्हतं.

झालं होतं ते असं. बस वेळेवर मिळाली, पण रविवारचा मोकळा रस्ता! गाडी शाळेच्या स्टॉपवर वेळेआधी पोचली, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद करून हाताची घडी घातली. बाबा उठून पुढे गेले. "अरे, काढ की गाडी!" ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, अजून वेळ आहे." "मी सांगतोय ना, काढ! माझी सून पोचेल तिकडे!" तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलंय. कुणी तरी घरून निघालं असेल." सगळी बस हसली. बाबा जागेवर येऊन बसले, म्हणे, आणि दर मिनिटाला घड्याळ बघायला लागले. पुढच्या स्टॉपवरही गाडी तशीच थांबली, आणि बाबांच्या हिशेबाप्रमाणे अगदी वेळेवर पोचली. पण त्या हिशेबात सून इतकी आधी येईल हे धरलेलंच नव्हतं, आणि स्टॉपपासून रेषेपर्यंतची गर्दीही धरलेली नव्हती.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. धाप लागली होती. "आलीस?"

"आले बाबा."

"किती?"

"तीन छप्पन."

त्यांचा चेहरा इतका फुलला, की शेजारच्या अनोळखी बाईनेही हसून बघितलं. "छप्पन! अगं, छप्पन!" त्यांनी कठड्यावरून वाकून तिचं डोकं छातीशी धरलं. मग सोडलं, कमानीकडे बघितलं, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, आणि चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे मला बघायचं राहूनच गेलं," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. नुसतं म्हणाले, आणि मफलर नीट करायला लागले.

घड्याळबाईला ते बघवेना. तिने केळं नवऱ्याच्या हातात दिलं.

"बाबा, इथेच थांबा. जागचे हलू नका."

"अगं, निघालीस कुठे? पाय बघ तुझे!" नवरा ओरडला. तिने ऐकलं नाही. कठड्याच्या फटीतून ती बाहेर आली आणि फुटपाथवरून उलट्या दिशेने चालायला लागली. गुडघे वाकत नव्हते, दोन लाकडं टाकत जावं तशी चालत होती. वळणावरच्या झाडापर्यंत गेली. झाडाला हात लावून थोडा श्वास घेतला, पदक सरळ केलं, वळली, आणि पळायला लागली.

पळायला लागली असं म्हणायचं. बघणाऱ्याला ते पळणं वाटलं नसतं. फुटपाथवरून एक बाई गळ्यात पदक घालून फेंगडी फेंगडी येतेय, शर्यतीत नाही, कशात नाही, असं बघून लोक बाजूला होत होते. नवऱ्याने हसत हसत डोळे पुसले. आणि कठड्यापाशी दोन्ही हात वर करून, पंजांवर उंच होऊन, तो म्हातारा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडत होता, "आली! ती बघा, आली! आमची सून आली!"